भिंतीला टेकलेला फ्रीज

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. माझं नाव निघालं की बाबा अजून पेपर तोंडासमोर धरतात हे वाचून बरं वाटलं. निदान घरात नाव निघतं तरी! कॉलेज सोडलं ते सोडलं. सरांनी भर वर्गात माझी अक्कल काढली, मी त्यांची काढली, विषय संपला. फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात मी मजेत आहे. मालक तोंडाने फाटके, पण हातचं राखून शिकवत नाहीत.

आता खरी बातमी, खाली बसून वाच. इथे गुडघे-खांदे ताळ्यावर आणणारा एक दवाखाना आहे. सूज उतरवायला त्यांना दिवसभर बर्फ लागतो. तिथल्या फ्रीजमध्ये तो आपोआप तयार होतो: नळीतून साच्यात पाणी येतं, गोठतं आणि खडे डब्यात पडतात. ते पडायचे थांबले म्हणून मला धाडलं. तर ताई, तिथे व्यायाम शिकवणारी जी आहे ना, तिने एका म्हाताऱ्या आजोबांना पाय उचलायला असं दटावलं, की दारात उभ्या असलेल्या मीच पाय उचलला.

फ्रीज पुढे ओढला तर पाण्याचा फिल्टर पार चोंदलेला. नवा घातला, साच्यात खळखळ पाणी आलं. निघताना ती म्हणाली की फ्रीज फार पुढे येतो, पेशंटच्या कुबड्या अडकतात. बस्स! खांदा लावून असा रेटला की भिंतीला चिकटला. ती हसली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तुझा धाकटा,
(आशीर्वाद दे, उपदेश नको)


९ फेब्रुवारी

चि. भडकू यास,

अ. आ. जेवण गेलं नाही म्हणतोस म्हणजे प्रकरण गंभीर आहे. चौथीत ताप असतानाही तू माझ्या ताटातलं उचलून खाल्लं होतंस. मी वॉर्डात नर्स, तू फ्रीजचा डॉक्टर आणि ती गुडघ्यांची. आता घरात पेशंट व्हायला फक्त बाबा उरले.

बाबांना मी फक्त तू कामात रमलायस एवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं की हेही किती दिवस? त्यांचं काय चुकलं, सांग? तुझं डोकं म्हणजे उतू जाणारं दूध. म्हणून सांगते, ही नोकरी तरी टिकव. आणि तिच्यासमोर आवाज चढवू नकोस. ज्या बाईचं म्हातारेही ऐकतात, तिला तुझ्या आरडाओरड्याचं काय!

लोभ आहेच, घोर त्याहून जास्त.
ताई


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. काळजी करायची तर आता कर. फिल्टर बदलूनही बर्फ पडेना, तेव्हा तिचा दुकानात फोन आला. मी पुन्हा गेलो. फ्रीज ओढला, पाणी सोडणारी झडप बदलली, पाणी आलेलं माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पुसूनबिसून फ्रीज परत भिंतीला नीट टेकवला. तेवढ्यात मालक स्वतः तिथे टपकले आणि सगळ्या पेशंटांदेखत बजावलं की ह्या फ्रीजची आणखी एक तक्रार आली, तर पाना ठेवून घरचा रस्ता धरायचा. मीही दोन शब्द सुनावणार होतो, पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझं तोंड मिटलं. तुझा उपदेश लागू पडला म्हण हवं तर.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती कुलूप लावते आणि मी कोपऱ्यापर्यंत तिच्यासोबत चालतो. बर्फाचं विचारलं की म्हणते, पडतो की, छान पडतो. आणि काल भर दुपारी मी तिला समोरच्या सरबतवाल्याकडून बर्फाची पिशवी नेताना पाहिलं! ताई, ती खोटं बोलली माझ्याशी. माझ्यावरचा विश्वास उडाला असणार, दुसरा कारागीर शोधत असणार. माझं टाळकंच सरकलं. त्या फ्रीजला लाथ घालावी, नोकरीलाही घालावी आणि कुठेतरी निघून जावं असं वाटतंय. उत्तर लगेच धाड, नाहीतर मी गेलोच समज.

तुझा


१ मार्च

चि. मूर्खशिरोमणी यास,

अ. आ. पाय आवर, दोन्ही लाथा खिशात ठेव. बर्फ पडत नाही आणि तरी ती दुकानात फोन करत नाही. मालकांची धमकी तिने स्वतः ऐकलेली. उन्हात स्वतः बर्फ वाहून आणते आणि तुला सांगते छान पडतो. बाळा, याला विश्वास उडणं म्हणत नाहीत. काय म्हणतात ते तुझं तू शोध.

आता फ्रीजचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण वॉर्डात सलाईन थांबलं की आम्ही आधी बाटली बदलत नाही, पेशंट नळीवर झोपलाय का ते पाहतो. तुझ्या दोन्ही पत्रांत एकच गोष्ट दिसते: फ्रीज पुढे ओढलेला असतो तेव्हा पाणी येतं, आणि तू तो भिंतीला चिकटवून निघालास की बंद. मागे काय चेंगरतंय ते बघ. आणि हात जोडते, तिला जाब विचारू नकोस.

घाईत, पण मायेने,
ताई


९ मार्च

ती. ताईंना,

सा. न. ओळख नसताना लिहिते आहे, रागावू नये. पत्ता तुमच्या पत्राच्या पाकिटावर मिळाला, कारण तुमचे बंधुराज ते झेंड्यासारखं फडकावतच आमच्या दवाखान्यात शिरले.

सकाळची वेळ, सगळे बाक भरलेले. त्यांनी फ्रीज ओढला, मागे वाकून पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. नळी भिंतीशी दुमडून पार चपटी झाली होती. चूक माझीच, असं त्यांनी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात कबूल केलं. मग नवी नळी जोडली, मागे वीतभर जागा सोडली आणि कुबड्यांना वाट म्हणून बाकच पलीकडे सरकवला. हे मला आधी सुचलं असतं, तर ही उठाठेव टळली असती. पण टळली नाही ते बरंच झालं.

पाणी आलं, आता काही तास थांबायचं होतं. पण त्यांना कुठला धीर! हातात पाना घेऊन, सगळ्यांसमोर, भांडायला उठल्यासारखं त्यांनी मला विचारलं की माझ्याशी लग्न करणार का. गुडघेवाले आजोबा व्यायामाची पट्टी सोडून उठून बसले. मी म्हटलं, दुरुस्तीनंतरची बर्फाची पहिली खेप टाकून द्यायची असते, तिला नव्या नळीची चव लागते, असं आत्ताच तुम्ही मला शिकवलंत. तर हे विचारणंही पहिल्या खेपेत गेलं. ते लालबुंद झाले. मला वाटलं, आता दार आपटून जातील. पण ते बाकावर बसले आणि बसूनच राहिले. दुपारी पहिले खडे पडले, ते त्यांनी मुकाट्याने मोरीत ओतले.

संध्याकाळी दुसरी खेप डब्यात खडखडली. तेव्हा दवाखान्यात आम्ही दोघं होतो, आणि घरी जायला तयार नसलेले आजोबा. ह्या वेळी तुमच्या भावाने इतक्या हळू विचारलं की मला ऐकायला वाकावं लागलं. आजोबांना काहीच ऐकू आलं नाही, म्हणून तेच ओरडले की पोरगा म्हणतोय तरी काय. मी त्यांना सांगितलं, बर्फ पडला म्हणतोय. आणि ह्यांना सांगितलं, हो.

तुमची,
कोण ते लिहायला अजून लाजणारी