बिनचेहऱ्यांची भिंत

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर सुनं सुनं झालंय. पोरगी रोज विचारते, आत्या चेहरे काढायला कधी येणार. तू बस डेपोच्या भिंतीवर आम्हा सगळ्यांचे गणवेश रंगवलेस, हात रंगवलेस आणि मुंडक्यांच्या जागा मोकळ्या सोडून गेलीस. डेपोतली पोरं म्हणतात, पगारवाढ मागायला गेलेली माणसं अशीच परत येतात!

इकडचं म्हणशील तर ठीकच. तू होतीस तेव्हा सांगितलं नाही, माझा दवाखान्याकडे जाणारा रूट बंद केलाय. मी आता राखीव चालक, म्हणजे डेपोत बसायचं आणि सांगतील ते करायचं. परवा नगरपालिकेची जाहीर सभा झाली. मीही दोन शब्द बोललो. माझा आवाज तुला माहीत आहे, माईक लागलाच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या कामाचा ओझरता उल्लेख आला, पण ते आपलं तत्त्वाचं बोलणं, मनावर घेऊ नकोस.

हिने नमस्कार सांगितलाय.
तुझा,
भोंगा

ता. ११ जून

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि नगरपालिकेचं पत्र एकाच टपालानं आलं. काम तूर्त थांबवा, असा हुकूम आहे. कारण म्हणून एका चालकाचं सभेतलं म्हणणं जसंच्या तसं दिलंय. भिंतीवरचे ड्रायव्हर कुणाला दवाखान्यात नेत नाहीत, अशा वाईट दिवसांत करदात्यांचा पैसा रंगात का बुडवायचा. वाचल्याबरोबर आवाज ओळखला. ओझरता उल्लेख म्हणे!

खरं सांगू? रागापेक्षा लाजच वाटली. तुझा रूट गेल्याचं मला तिथं असतानाच कळलं होतं. नगरपालिकेच्या पैशावर मी चित्र काढत होते आणि तुझ्याच घरी जेवत होते. पण बोलले नाही. तूही बोलला नाहीस. माझ्याशी बोलायचं ते सभेत बोललास.

माझं राहू दे, वर्कशॉपच्या मेस्त्रींचं काय करायचं? चेहरे मी शेवटी काढते, कारण माणसं आधी लाजतात. कपडे, हात रंगवून झाले की मग आपणहून समोर येऊन बसतात. मी निघताना मेस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. जुलैत नोकरकपातीत जाणार आहेत. जायच्या आत चेहरा चढवीन, असा शब्द मी त्यांना दिलाय. आता तूच सांग, त्यांना काय कळवू.

पोरीला गोड पापा.
तुझी,
ताई

ता. १६ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा मान वर होईना. तत्त्व-बित्त्व काही नव्हतं गं. मी डेपोच्या बाकावर रिकामा बसलेलो आणि समोर तू शिडीवर. येणारा-जाणारा तुझ्याशी बोलायला थांबायचा, मला विचारायचा फक्त किती वाजले ते. माझ्याच डेपोत तुला काम होतं आणि मला नव्हतं. तेच जळत होतं. सभेत तोंड उघडलं आणि ते सगळं बाहेर पडलं.

याहून वाईट पुढेच आहे. बाहेर पडताना एका नगरसेवकानं विचारलं की चित्रकार बाई माझ्या कोणी लागतात का. मी म्हणालो, तोंडओळख आहे. हे हिलासुद्धा सांगितलेलं नाही.

एक मार्ग सुचलाय. डेपोतली पोरं वर्गणी काढून रंग आणतील. तू रविवारी ये आणि नुसते चेहरे करून टाक. नगरपालिकेला विचारायचंच कशाला? तुझ्या बोटांना काय, बसल्या बसल्या होईल.

तुझा,
भोंगा

ता. २१ जून

चि. भोंग्यास,
आशीर्वाद.

बसल्या बसल्या होत नाही, बाळा. तू बघितलंयस. उन्हात पाठीचं पार धिरडं होतं.

फुकट मी करणार नाही. गर्व नाही हा. फुकट केलं की ते काम नव्हतंच, बाईची हौस होती, असं ठरेल. तू सभेत जे म्हणालास तेच मी माझ्या हातानं खरं करून दाखवीन. बस हवी हे तुझं बरोबरच होतं. मीही तिथं असते तर टाळी वाजवली असती. पण माझं काम थांबलं, म्हणून तुझी बस सुटली का? तेवढं विचार त्यांना.

पुढच्या सभेत उभा राहा. काम परत सुरू झालं नाही तरी चालेल. मी तुझी कोण लागते, एवढं तरी त्याच आवाजात सांग.

तुझी वाट बघणारी,
ताई

ता. ५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उभा राहिलो. मला बघूनच लोकांनी टाळ्या सुरू केल्या, मागच्या वेळेसारखं काही ऐकायला मिळेल म्हणून. मी म्हणालो, ती माझी सख्खी बहीण आहे, ते तिचं काम आहे आणि मी आकसानं बोललो होतो. टाळ्या थांबल्या. बस सुटली का, हेही विचारलं. तेव्हा मागून एक बाई उठल्या. आईला हाताला धरून दवाखान्यापर्यंत चालत नेतात. त्यांनी विचारलं, पैसा एकाच गोष्टीला असेल तर आधी बस की आधी चित्र? ताई, मी बस म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? खाली बसलो.

बस सुरू झाली नाहीच. अध्यक्ष म्हणाले की बिनचेहऱ्यांची भिंत बरी दिसत नाही, पांढरी करून घ्या. त्याला पैसे कुठून आणणार, हे कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. रंगाचे डबे डेपोत आले आणि काम राखीव चालकांवर पडलं. त्या दिवशी राखीव मी एकटाच होतो.

मेस्त्रींचा शेवटचा दिवस होता. त्यांनी शिडी धरली. भिंतीवर आपण कुठले ते विचारलं, मी दाखवलं. आपला नंबर शेवटी घे म्हणाले, तसा घेतला. त्यांचा निळा शर्ट पांढऱ्यातून दिसतच राहिला, तिथं दोनदा ब्रश फिरवावा लागला. सगळं झाल्यावर मागे सरून त्यांनी बघितलं आणि काम सफाईदार झालं म्हणाले. टोमणा असता तर सोसला असता. मनापासून म्हणाले.

माझी त्या दिवसाची हजेरी लागली. तुला चेहऱ्यांचे पैसे मिळाले नाहीत, मला ते सगळं पुसायचा पगार मिळाला.

येशील तेव्हा डेपोपर्यंत येऊ नकोस, एक थांबा अलीकडे उतर. मी घ्यायला येतो. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

तुझा भाऊ