बांधावरचा शेवटचा अंजन

मी गोरक्षनाथ विठोबा क्षीरसागर, वय ७१, धंदा सुतारकाम, राहणार मौजे बोरदरा, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, बुद्धी शाबूत असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर सगळ्यांना कंटाळून हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे.

१. राहते घर मुलगी चांगुणा हिला द्यावे. मुलगा बन्सी भिंगारला लष्कराची खोकी ठोकतो. त्याला तिथे खोली आहे आणि गावाची लाज वाटते.

२. वाकस, पटाशा, रंधे बन्सीला. तो ते विकणार, हे मला ठाऊक आहे. तरी बापाची हत्यारे मुलाकडेच जावीत.

३. भाऊ रंगनाथ यास काही नाही. त्याने आपल्या वाट्याचा अंजन जळणासाठी तोडला आणि वर मलाच विचारले, "आपटाच हुता ना, दादा?" चाळीस वर्षे मी तालुक्यातल्या गाड्यांना अंजनाचे आस घातले, आणि घरातल्या माणसाला झाड ठाऊक नाही.

४. माझ्या बांधावरचा अंजन. शिवारात हा एकच उरला. ओळख लिहून ठेवतो. आपट्याचे पान एकच, मधे चिरलेले. अंजनाची दोन वेगळी पाने, फक्त देठापाशी जुळलेली. आपट्याची शेंग लांब, वाकडी, काळपट. अंजनाची बोटाएवढी, चपटी, कागदासारखी, टोकाला एकच बी. फुले बारीक, हिरवट पिवळी. लाकूड पाण्यात बुडते.

या दसऱ्याला दोन्ही पाने ताटात ठेवून म्हटले, अंजन ओळखेल त्याचे झाड. बन्सी हसला, "आबा, दोन्हीबी सोनंच की!" चांगुणेने बरोबर पान उचलले. मला भरून आले. मग तीच म्हणाली, "आबा, तुमी त्या पानाकडंच बघत हुता." लेकीने पान नव्हे, बाप ओळखला.

दोन वर्षे पाऊस नाही. शेंगा आल्या त्या पोकळ. लोक चाऱ्याला, जळणाला मिळेल ते झाड तोडत आहेत. माझ्यामागे हा अंजन येता उन्हाळाही काढायचा नाही.

५. म्हणून तो कोणालाच देत नाही. मी मेल्यावर तोडून माझ्या चितेला लावावा. लाकूड ओले, जळायला वेळ लागेल, लोक कुरकुरतील. कुरकुरू द्यावे. कुऱ्हाड घालण्याआधी तोडणाऱ्याला झाडाचे नाव सांगावे.

सही : गोरक्षनाथ विठोबा क्षीरसागर

समक्ष सह्या करणारे :
काकासाहेब भिमाजी आव्हाड, शेतकरी
शमशेर इमाम शेख, लोहार

मौजे बोरदरा, १२ नोव्हेंबर १९७२