इको बंद ठेवा, अप्पा

१७ एप्रिल १९९४

आज कागलच्या लग्नात नाक कापलं! की वाढवलं — अजून ठरत नाही. पंगती रेंगाळल्या होत्या. मी आमच्या साऊंडच्या माइकवरून नेहमीसारखा सांगत होतो — जेवण झालेल्या पाहुण्यांनी उठावं, मागं माणसं ताटकळलीत. कोण ऐकतंय! पाणी प्यायला वळलो, तोवर आमच्या प्रीतीनं माइक धरला. वय वर्षं सहा. वाक्य माझंच, पण चालीत! 'उठा की पावणं, उठा की —' आणि शेवटी तोंडानं हलगी. अख्खी पंगत हसत उठली. नवरीचा बाप म्हणाला, 'धम्मपालशेठ, पुढच्या टायमाला तुमी घरात बसा, पोरगीला धाडा.'

१८ एप्रिल १९९४

चाल कुठली, ते आज सापडलं. निम्मी उरुसातल्या कव्वालीची, निम्मी आमच्या जयंतीच्या मिरवणुकीतली. मधला जोड दिसत नाही. माझ्यासारख्या कानाच्या माणसालाही एक दिवस लागला!

९ जून १९९७

प्रीतीला गाण्याच्या क्लासला घेऊन गेलो. बाई भल्या आहेत, पण हळू बोलतात. मला हळू बोलणाऱ्यांची भीती वाटते. 'घरात कुणाचं गाणं ऐकते?' मी खरं ते सांगितलं — घरात नाही, टेम्पोत. जत्रा, जयंती, उरूस, कुस्तीचं मैदान, निपाणीकडं गेलो की कन्नड गाणी. जिथं आमचे भोंगे, तिथं ही. बाईंनी हिला सा लावायला सांगितला. हिनं लावला. खिडकीतलं मांजर खाली उडी टाकून गेलं!

बाईंनी पेटी मिटली. मग म्हणाल्या, 'सूर सच्चा आहे हो. पण घराणं कुठलं म्हणायचं?'

'भोंगा घराणं,' मी म्हटलं.

हसल्या नाहीत. फी मात्र घेतली.

२२ ऑगस्ट २००१

प्रीती गाणी लिहिते! पावतीपुस्तकाच्या पाठच्या कोऱ्या बाजूला. पहिलंच गाणं आईवर. आमच्या सौ. मीनाबाईचं बालपण इचलकरंजीत, यंत्रमागाच्या शेडला चिकटून. तिथं मागाच्या खडखडाटावर मात करून बोलावं लागे. माग तिथंच राहिले, आवाज हुंड्यासारखा आमच्या घरात आला. 'मीठ द्या' म्हणाली की तीन घरांतून मीठ येतं. हे सगळं पोरीनं मागाच्या ठेक्यावर बसवलंय.

मीनाबाई भडकली. 'आईची चेष्टा करतीस व्हय गं?' नंतर भांडी घासताना तेच गुणगुणत होती. गुणगुणत म्हणजे — गल्लीला ऐकू आलं.

२३ ऑगस्ट २००१

गल्लीचं गाणं पाठ झालं.

११ जानेवारी २००४

हंबीरराव — गल्लीतल्या तरुण मंडळाचे अध्यक्ष, अकरा वर्षं तेच — वर्धापनदिनाला प्रीतीला पंधरा मिनिटं देतो म्हणाले. साऊंड आपलाच. मंडळाची वर्षाची सगळी कामं आपल्याकडंच असतात.

प्रीती आता अकरावीत. म्हणाली, 'अप्पा, सिनेमातलं गाणार न्हाय. माझंच गाणार.' बरं म्हटलं. 'आणि इको बंद ठेवा. माझं शब्द कळू द्यात.'

इको बंद? कटाशिवाय मिसळ! आमच्या धंद्यात इको म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडाची पावडर. एकदा म्हटलेलं चारदा घुमतं, बेसूर झाकला जातो, पब्लिकला वाटतं पैसे वसूल. आपण तर नुसतं 'हॅलो हॅलो'सुद्धा इकोत म्हणतो. पण पोरीला शब्द दिला. बंद म्हणजे बंद.

२५ जानेवारी २००४

झाला कार्यक्रम. लिहू की नको...

संध्याकाळी मैदान भरलं होतं. वायरीवर वसीम — माझा जुना जोडीदार — आणि मशीनवर मी. इको बंद. आईचं गाणं झालं, माणसं लोटपोट. भोंग्यातून पोरीचा उघडा आवाज असा पहिल्यांदाच ऐकला. जरा खरखरीत. आवडला.

मग दुसरं. चाल ती लहानपणीची पंगतीची, शब्द मात्र नवे. वर्षानुवर्षं ताटावर बसून राहिलेल्यांना ती सांगत होती — उठा की पावणं, हात वाळला, मागं माणसं उपाशी हाईत! पहिल्या कडव्याला मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली आणि हंबीररावांकडं बघायला लागली. हंबीररावांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

आणि माझा हात गेला. इको फुल्ल!

'पावणं — वणं — वणं...' पुढचा एक शब्द कुणाला कळला असेल तर शपथ! शिट्ट्या थांबल्या. हंबीरराव शेवटी डोळे मिटून डोलत होते. खाली उतरून पाठ थोपटली. 'शेठ, काय भक्तिगीत म्हटली ओ पोरगी! काटा आला अंगावर!' पुढच्या वर्षीचं कामही तिथंच पक्कं केलं.

प्रीती स्टेजवरून उतरली. वायरी गुंडाळू लागली. नीट गुंडाळल्या.

२६ जानेवारी २००४

वसीम म्हणाला, 'दादा, मशीन बिघडलं म्हणून सांगू काय तिला?' नको म्हटलं. तिचे कान माझ्यावर गेलेत.

मीनाबाई आज हळू बोलली! पहिल्यांदाच. 'पोरीच्या तोंडावर हात ठेवलासा तुमी.'

२७ जानेवारी २००४

प्रीतीपाशी कबूल केलं. 'धंद्याला भ्यालो,' म्हटलं. ती म्हणाली, 'म्हाईत हाय.' बस्स, एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

१५ फेब्रुवारी २००४

प्रीतीला इचलकरंजीत कार्यक्रम मिळाला. पाऊण तास, सगळी स्वतःची गाणी. टेम्पो किती वाजता काढू, विचारलं. म्हणाली, 'अप्पा, साऊंड तिथल्याचा सांगितलाय. तुमाला पयल्या ओळीत खुर्ची धरलीया.' येतो की, म्हटलं. तेवीस वर्षं कार्यक्रमाला जातोय. पण समोर बसून काय करायचं असतं, कुणाला विचारावं?