अंबिकेच्या कवळीबाबत, आणि इतर मिळकतीबाबत

मी, दत्ताराम हरिश्चंद्र शिगवण, वय ७४, पूर्वीचा धंदा कवळ्या बनवणे, राहणार शांती नगर, मीरा रोड पूर्व, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. डावा हात पक्षाघाताने गेला. डोकं आणि उजवा हात शाबूत आहेत. मार्च २०२३ मधलं माझं मृत्युपत्र याने रद्द. त्यात मुलगा यतीन याला काहीच दिलं नव्हतं. का, ते पुढे येईल.

राहता फ्लॅट यतीन आणि मुलगी मिनल यांना निम्मा निम्मा. बँकेतली ठेव मिनलला, कारण आईचं शेवटचं सगळं तिने केलं.

पॉलिशची मोटर, मेणाचे चाकू आणि साचे लॅबमधला माझा सोबती नाथा याला. नाथा, गिऱ्हाइकाला आपण पाठ म्हटल्यासारखं सांगायचो: झोपताना कवळी काढा, मऊ ब्रशने घासा, पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकडी होईल. तोंडात बुरशी आली तर नुसत्या तोंडाला औषध पुरत नाही, कवळीही डॉक्टर सांगतील त्या औषधात बुडवायची, नाहीतर बुरशी परत येते. हे एकदा तुझ्या बायकोला सांग. मी माझ्या बायकोला सांगितलं नाही.

माझी पत्नी अंबिका हिची कवळी मी स्वतः केली होती. वरचा एक दात तिच्या मूळच्या दातासारखा किंचित वाकडा लावला. बसवली त्या दिवशी आरशात बघून ती हसली आणि मी थट्टेत म्हणालो, "आता ही काढलीस तर मी ओळखणार नाही हं तुला." त्यानंतर अकरा वर्षं तिने ती काढली नाही. मोरीकडे तोंड करून चूळ भरायची, एवढंच मी पाहिलं. कवळीवाल्याची बायको, तिला सगळं येतच असेल, असं मी धरून चाललो.

मग तिला तिखट सोसेना, पुढे भातही जाईना. मधुमेह होताच. मी म्हणालो, नखरे. यतीन दोनदा म्हणाला, डॉक्टरांना दाखवू. तोंडातलं मला शिकवू नकोस, असं त्याला सुनावलं. शेवटी मिनलने नेलं. टाळ्याला बुरशी निघाली. रात्री कवळी काढता ना, असं डॉक्टरांनी विचारल्यावर ती हो म्हणाली. घरी औषधाचे थेंब टाळ्याला लावायची आणि वर तीच कवळी बसवायची. बुरशी अन्ननलिकेत उतरली.

हॉस्पिटलात मिनल बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, आई नर्सला कवळी काढूच देत नाहीये. म्हणतेय, ह्यांनी मला ओळखलं नाही तर?"

मी ती थट्टा विसरलो होतो. कवळी मीच काढली. आतून ती कशी होती ते लिहीत नाही, नाथाला कळेल. अंबिका हाताने तोंड झाकत होती. चौथ्या दिवशी गेली. दाखल्यावर मधुमेह लिहिलाय.

घरी आणल्यावर शेजारचा दिपेश चांगल्या मनाने म्हणाला, "अंकल, आंटी के दांत लगा दो, चेहरा बैठ गया है." मी लावले. तेव्हा चारचौघांत यतीन ओरडला, "घरात कवळ्या बनवणारा माणूस, आणि आईच्या तोंडात बुरशी!" बाराव्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं आणि मृत्युपत्रातून त्याचं नाव काढलं. तो खरं बोलला होता. म्हणूनच मला ते सहन झालं नाही. यतीन, माझं चुकलं.

आता माझ्याही तोंडात कवळी आहे आणि एका हाताने ती नीट घासली जात नाही. वकील म्हणतात, जिवंतपणीच्या सूचना मृत्युपत्रात चालत नाहीत. न चालोत. मी अंथरुणाला खिळलो तर रोज संध्याकाळी ती काढा, मी तोंड घट्ट मिटलं तरी काढा.

आणि मी गेल्यावर ती परत बसवू नका. बोळक्या तोंडानेच न्या. कोणी म्हणालं, हे दत्ताराम वाटत नाहीत, तर यतीन, तू पुढे हो आणि सांग, हेच माझे बाबा. एवढं मी अंबिकेला सांगायला हवं होतं.

वाचून, समजून सही केली.
दत्ताराम हरिश्चंद्र शिगवण

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार:
१. दिपेश वाघेला, शेजारी
२. नीलम सुर्वे, वरचा मजला

मीरा रोड, १८ ऑगस्ट २०२५