भाताच्या आधी

ख्वातदादा,

आईच्या अस्थी काढायला कधी येऊ, असं तू सायगॉनहून विचारतोयस. बरोबरच आहे. खाचरात पुरून तीन वर्षं झाली. आता रीतीप्रमाणे अस्थी धुऊन कायमच्या थडग्यात ठेवायला हव्यात.

तुझ्या बहिणीला विद्यापीठाने गावाचा शंभर वर्षांचा नकाशा करायला नेमलंय, हे तू फुशारकीने सांगतोस ना? त्याची गंमत ऐक. बिल्डरने थडगी हलवायलाही वेळ न देता खाचरांवर पुरुषभर वाळू ओतली. खाली काय होतं, ते आम्ही आता रंगवतो. कालवा निळा, भात पिवळा. हनोई जवळ आलं की गावाला इतिहास फुटतो.

परवा आमच्या साहेबांनी बाबांना वाळूवर उभं करून विचारलं, "आजोबा, इथे आधी काय होतं?"

"माझी बायको."

"तसं नव्हे हो. त्याच्या आधी?"

"भात. तोही तिनेच लावलेला."

साहेबांनी पिवळा रंग भरला.

आम्ही जागोजागी खणलं, दादा. आई सापडली नाही. बांधच उरले नाहीत, तर मोजायचं कुठून? बाबा म्हणाले, "न्हान, नकाशा तुझा ना? मग दाखव की!" त्यांचा चेहरा बघवेना. मी अंदाजाने एक ठिपका दिला.

आता ते रोज तिथे उदबत्ती लावतात. शेजाऱ्यांना सांगतात, "पोरीने आई शोधून काढली." अस्थींसाठी मातीचं भांडंही आणलंय. तू थोरला, म्हणून पहिली कुदळ तुझ्याच हातात देणार आहेत.

ये म्हणू की नको म्हणू?

तुझी,
न्हान