तुरटी फिरवलेलं पाणी

सर, तुम्ही असता तर नाचला असता अशी एक गोष्ट आपल्या लॅबमध्ये सुरू झाली होती. तिचं वाटोळं झालं, म्हणून तुम्हाला लिहायला बसलेय. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. कॉलेजात तुमचा चेहरा आठवणारी आता मी एकटीच उरलेय. तुमच्या जागेवर मी शिकवते, ओटा तोच आहे, नळ अजूनही गळतो. तुमचे सगळे भाऊ ज्यू म्हणून इस्रायलला गेले तरी तुम्ही पनवेल सोडलं नाहीत. कुणी विचारलं, "सर, तुम्ही कधी निघणार?" तर म्हणायचात, "का रे, खुर्ची पाहिजे का माझी?" पण परदेशातल्या प्रयोगशाळांना तुम्ही जन्मभर पत्रं लिहीत राहिलात, आपण मिळून काहीतरी करू म्हणून. उत्तरं आली ती छापील नकाराची. तुम्ही ती वाचून घडी घालायचात आणि म्हणायचात, "चला, प्रॅक्टिकलला उशीर होतोय." मला तेव्हा त्या लोकांचा इतका राग यायचा!

आता पोरं हे सहज करतात, सर. आमच्या पोरांनी ब्राझीलच्या एका कॉलेजातल्या पोरांशी जोडी जमवली. त्यांनी एक जीन तयार केला, टिपकागदाच्या चकतीवर वाळवला आणि चक्क पाकिटातून पाठवला. आम्ही तो आपल्या साध्या, निरुपद्रवी जिवाणूंत घातला. पाण्यात शिसं असलं की ते जिवाणू लाल होतात, नसलं की पांढरे राहतात. त्यांनी त्यांच्या नदीचं पाणी तपासायचं, आम्ही आमच्याकडचं, आणि निकाल एकत्र मांडायचा. त्यांची सकाळ ती आमची संध्याकाळ. कॉलवर त्यांची पोरं कॉफी पितायत, आमची वडापाव खातायत, आणि दोघांचंही इंग्रजी यथातथाच. मी मागे उभी राहून बघायचे आणि वाटायचं, सरांना हे दाखवायला हवं होतं.

आमच्याकडचं पाणी कुठलं, यावर वादच झाला नाही. टीममधली एक मुलगी डोंगराकडच्या आदिवासी वाडीवरची. आईबाप वीटभट्टीवर, ही वाडीतून कॉलेजात आलेली पहिलीच. वाडीच्या वरच्या अंगाला कुणीतरी शिसं काढायला जुन्या बॅटऱ्या वितळवायची चोरटी भट्टी घातली होती. तेव्हापासून हिची धाकटी बहीण सारखी पोट धरून बसते, चिडचिड करते, शाळेत शिकलेलं सगळं विसरायला लागलीय. "मॅडम, विहिरीतच आहे काहीतरी," ती म्हणायची. "पण वाडीवाल्यांचं कोण ऐकतं? ब्राझीलवाले बोलले तर ऐकतील." तिने स्वतः पाणी आणलं. आम्ही तपासलं. नळ्या पांढऱ्याशुभ्र राहिल्या.

ती रडली, मी तिला समजावलं. पोरांनी निकाल ब्राझीलला कळवला, फोटो ग्रुपवर टाकला, आणि तो फिरत फिरत ग्रामपंचायतीत पोचला. 'परदेशी टीमने पाणी पास केले' असं वर कुणीतरी ठोकून दिलं. वाडीच्या ओरडीनंतर अधूनमधून पाण्याचा टँकर तरी येत होता, तोही आठवड्याभरात बंद झाला. काय घाई असते हो लोकांना!

मग एका कॉलवर ब्राझीलच्या पोरीने विचारलं, पाणी विहिरीतून बाटलीत कसं आलं ते नीट सांगा, आपल्याला पद्धत लिहायचीय. आमची मुलगी हसत सांगायला लागली. तिने घरी सांगितलं होतं, हे पाणी परदेशातल्या पोरांच्या कामाचं आहे. झालं! आई म्हणाली, पाहुण्यांपुढे गढूळ पाणी न्यायचं का, लाज नाही का? तिने हंड्यात तुरटी फिरवली, गाळ खाली बसू दिला, वरचं नितळ पाणी धुतलेल्या फडक्यातून गाळलं आणि बाटली भरून दिली. रोज कुठली तुरटी? ती फक्त पाहुण्यांसाठी. मी कपाळावर हात मारला. तुमच्याकडे शिकत होते तेव्हा गाढी नदीचा नमुना आणताना मी गाळ ओतून दिला होता, तेव्हा तुम्ही भर वर्गात ओरडला होतात, "अगं, शिसं गाळाला धरून बसतं! जे शोधायचं तेच फेकून आलीस, जा परत!" आणि मला भर उन्हात नदीवर पिटाळलं होतंत. या माऊलीने तर तेच किती प्रेमाने केलं होतं.

विहिरीचं पाणी पुन्हा आणलं, जसंच्या तसं. नळ्या लालभडक झाल्या. ब्राझीलच्या पोरांनी त्याच दिवशी पहिला निकाल मागे घेतला. त्यांचा एक मुलगा म्हणाला, आम्हीही आधी विचारलं नव्हतं, चूक दोघांची. शहाणी पोरं. पंचायतीत मात्र एक सदस्य माझ्याकडे बघून हसला. "बाई, एकदा पांढरं म्हणता, एकदा लाल. पोरांचा खेळ आहे का हा? वरून परदेशातला शिक्क्याचा कागद आणा, मग बघू." टँकर काही परत आला नाही.

परवा मी मुलीबरोबर तिच्या घरी गेले. आईला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हंजी माज्यामुलं झालं?" मी म्हटलं, नाही हो, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. "मंग आमी काय प्यायाचं आता? दुसरं पानी कुठं हाय?" मी तहसीलदाराकडे अर्ज करू, सरकारी तपासणी मागू, असं काहीबाही बोलत राहिले. तिने उठून माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "लांबून आलाव बाई, पानी घ्या." मी पेला उचलला. ओठापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

तिने पाहिलं. तिला काय वाटलं तेही मला कळलं. आमच्यासारख्यांनी त्यांच्या हातचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या नाकारलंय, त्यातलंच हे आणखी एक. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिने पेला उचलला आणि भिंतीला टेकून बसलेल्या धाकटीच्या हातात दिला. पोरीने तो गटागटा संपवला.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, ते एक बरंच आहे. कारण सर, माझ्या पिशवीत विचुंब्याच्या माझ्या घरून भरून आणलेली फिल्टरच्या पाण्याची बाटली होती. ती मी बाहेर काढली नाही.