बावीस आठवडे

टोकावडे,
२० जुलै २०२६

चि. कुणाली हिस,
सुंदराआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या डोंगरात रेंज नाही आणि माझ्या कानात फोनवरचं काही शिरत नाही, म्हणून हे पत्र. सावळारामच्या भाजीच्या टेम्पोतून पाठवते आहे. काकड्यांखाली चुरगळलं तर त्याला सोडू नकोस.

शुक्रवारी शहापूरला तुझी मोठी सोनोग्राफी. तीस वर्षं अंगणवाडीतून मी बायका अशाच तयार करून पाठवल्या, तेव्हा नीट वाच. आधार कार्ड, सुरुवातीपासूनचे सगळे कागद आणि पाण्याची मोठी बाटली घे. पाणी घरून पिऊन निघू नकोस, तुमच्याकडचे खड्डे तुझे हाल करतील. शहापूरला पोचल्यावर पी आणि मग दम धर. मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, तो गुन्हा आहे. तुझ्या सासूबाई गोदूबाईंनाही आधीच सांगून ठेव.

शेवटची पाळी कधीची हे विचारतीलच. वीस फेब्रुवारी. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तू इथे होतीस, निघायच्या दोन दिवस आधी पाळी आली होती. उत्तर तू दे, गोदूबाईंना देऊ देऊ नकोस. त्या सगळं बोटांच्या पेरांवर मोजतात.

आणि हो, धोंड्याच्या महिन्यात नणंदेच्या नवऱ्यासाठी तेहतीस अनारसे तळलेस म्हणे. आईबापामागे तुला वाढवलं मी, आणि मला त्यातला एक नाही. लक्षात ठेवलंय.

माया आहे तेवढी आहे, अनारसे आले की वाढेल.
तुझी,
सुंदराआत्या


डोळखांब,
२६ जुलै २०२६

ती. सुंदराआत्यास,
कुणालीचा शि. सा. न.

सोनोग्राफी झाली. पाणी शहापूरलाच प्यायले, पण नंबर दोन तासांनी लागला. शेवटी बाकावर बसवेना, उभं राहवेना, आणि समोरची बाई मला हसवत होती. तिला मी कधी माफ करणार नाही. बाळ छान आहे. त्याच्या काळजाचा आवाज ऐकवला, भात सडायच्या गिरणीसारखा भराभरा. मला रडूच आलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या की बाळाची वार फार खाली आहे, जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, रक्त दिसलं तर लगेच यायचं, आणि चार आठवड्यांनी, एकवीस ऑगस्टला, परत दाखवायचं. मग कागदावर लिहिताना त्यांनी मोठ्यानं सांगितलं की बावीस आठवडे पूर्ण, म्हणजे पाच महिने उलटून गेले.

आत्या, तेव्हापासून सासूबाई बदलल्या आहेत. जीपमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांचा अंगठा पेरांवर फिरत होता. शहापूर कधी सुटलं, डोळखांब कधी आलं, कशाकडे लक्ष नाही. घरी आल्यावर माझी फाइल मागून घेतली आणि ट्रंकेत ठेवली. काल मोबाईलही घेतला. रेंज मिळते त्या टाकीवर चढून ह्यांना फोन लावला तो एकट्यांनी. मी विचारलं की काही झालं का, तर म्हणाल्या की ते तूच सांगायचंस.

मी काय सांगायचं ते मला कळत नाही. तुम्हाला कळलं तर लिहा.

तुमच्या मायेची,
कुणाली


डोळखांब,
२ ऑगस्ट २०२६

विहीणबाई सुंदराताई यांसी,
गोदूबाईचा नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकले, चुकलं असेल तर सांभाळून घ्या. ही गोष्ट दुसऱ्याच्या हातानं लिवून घ्यायची नाय, म्हणून मीच लिवते.

माझा हितेश मस्कतला असतो. दीड वर्षानं तो शिमग्याच्या दोन दिवस आधी आला आणि पाडवा करून गेला. शिमग्यापासून मी मोजले. मशीनच्या दिवशी चार पण भरले नव्हते. मशीन सांगते पाच होऊन गेले. मी एकदा नाय, रोज मोजते. चारच येतात.

वरचा महिना माघातला पडतो. माघात हितेश इथं नव्हता. माघात कुणाली पण इथं नव्हती. वीस दिवस ती तुमच्या घरी होती. तुमच्याकडं कोण येतं, कोण जातं, ते आमाला ठाव नाय. मी कुणाचं नाव घेत नाय. तुमी घ्या.

एकवीस तारखेला मी तिला शहापूरला नेणार नाय. ज्याचं आहे त्यानं न्यावं. श्रावण लागायच्या आत येऊन तिला घेऊन जा. गावात अजून कुणाला बोलले नाय. हितेशला बोलले.

लोभ ठेवायचा की नाय ते तुमच्या उत्तरावर.
गोदूबाई


टोकावडे,
५ ऑगस्ट २०२६

सौ. गोदूबाई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा चुलीत घालायला उठले. माझ्या घरावर असं बोट आजवर कुणी दाखवलं नव्हतं. दोन दिवस घास उतरला नाही. तुमच्या दाराशी येऊन भांडणार होते, पण सावळाराम सांगतो की ओढ्याच्या फरशीवरून पाणी चाललंय, टेम्पो कधी सुटेल ते त्यालाही ठाऊक नाही. पत्र त्याच्याकडे देऊन ठेवते. देवाने ते वेळेत पोचवावं.

पोरीची पाळी माझ्या घरी वीस फेब्रुवारीला आली, हे मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल की आत्या आहे, सांगणारच. म्हणून माझं सोडा. तुमचीच पेरं घ्या. शिमग्यापासून पुढे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. असेच मोजलेत ना?

आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा. यंदा ज्येष्ठ दोन आहेत. सतरा मेपासून पंधरा जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ, आपला धोंड्याचा महिना, आणि त्यानंतर खरा ज्येष्ठ. त्या महिन्यात तुम्ही जावयाला बोलावलंत, तेहतीस अनारसे वाढलेत, दिवा दिलात. जावयाच्या ताटाला तो महिना धरलात आणि सुनेच्या पोटाला सोडलात. मूल मलमास पाळत नाही, गोदूबाई. ते वाढत राहतं. हा एक महिना, आणि डॉक्टर मोजतात ते पाळीच्या तारखेपासून, म्हणून शिमग्याआधीचे दहाबारा दिवस. हिशोब तिथे संपला.

तिची वार खाली आहे. रक्त जायला लागलं तर तुमच्या डोंगरातून शहापूर गाठेपर्यंत काय उरेल ते मी याच डोळ्यांनी पाहिलंय. एकवीस तारीख चुकवू नका. हात जोडते.

लोभाचं नंतर पाहू, आधी पोर जगू दे.
सुंदरा


डोळखांब,
९ ऑगस्ट २०२६

ती. आत्यास शि. सा. न.

फरशी अजून पाण्याखाली आहे. तुम्ही काही लिहिलं असेल तर मिळालं नाही. टेम्पो आला की सावळारामदादांना देता यावं म्हणून हे पत्र लिहून ठेवते.

आत्या, मला आता सगळं कळलं. शेजारची हिरीवहिनी बोलली. आईंनी सांगितलं नाही म्हणतात, पण गावाला कळलंय. माझं ताट वेगळं झालं. पाणी मी भरायचं, आणि भरलेलं कुणी प्यायचं नाही. लावणी उरकायची होती, रोपांचे भारे मला वाहायला लावले. मी सांगितलं की डॉक्टरांनी नको म्हटलंय, तर आई म्हणाल्या की डॉक्टरचं ऐकूनच हे सगळं कळलं.

परवा दोन थेंब रक्त दिसलं. कुणाला सांगितलं नाही. पाय उशीवर ठेवून झोपले. बाळ हललं तेव्हा जीव भांड्यात पडला.

टाकीवर ह्यांचा फोन येतो, मला देत नाहीत. ते माझ्याबद्दल काय विचारतात, की विचारतच नाहीत, तेवढं एक मला कळायला हवं होतं.

श्रावण चार दिवसांवर आला. पिशवी भरून ठेवली आहे. मी शिमग्यापासून दहादा मोजलं आणि माझंही कधीकधी चारच येतं, आत्या. मला माझीच भीती वाटायला लागली आहे.

मला विसरू नका.
कुणाली


डोळखांब,
१४ ऑगस्ट २०२६

विहीणबाई यांसी,
गोदूबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. श्रावणाच्या पैल्या दिवशी. तिची पिशवी दारात होती.

कॅलेंडर काढलं. तीनदा मोजलं. मग परसात जाऊन बसले. मलमासात आमी काय नवं धरत नाय, माझ्या बोटांनी पण तो धरला नाय. दुसरं कारण नाय.

पिशवी मी आत आणली. फाइल तिच्या हातात दिली. एकवीसला मीच नेणार. हितेशला परत फोन केला. पैल्या वेळी तो तासभर बोलला होता. या वेळी नुसतं बरं म्हणाला. त्या बरंचं मला काय करावं कळत नाय.

लोभ ठेवा. मागायला तोंड नाय, तरी मागते.
गोदूबाई


सापगाव,
२२ ऑगस्ट २०२६

ती. सुंदराआत्यास,
कुणालीचा शि. सा. न.

काल दाखवलं. पाण्याची बाटली या वेळी आईंनी धरली होती. खिडकीवरच्या बाईने विचारलं की कितवा, तर मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या की सव्वीस आठवडे.

बाळ ठीक आहे. वार अजून खालीच आहे. रक्ताचं मी काल सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई फार चिडल्या, भारे वाहायला कुणी लावले म्हणून. आई पुढे होऊन म्हणाल्या की मी. सगळ्या बायका बघत होत्या. आता दवाखान्याजवळच राहायचं, पुढचे तीन महिने कधीही धावावं लागेल, रक्ताची सोय आधी करून ठेवायची. म्हणून शहापूरला लागून असलेल्या सापगावला, नणंदेकडे, रंजिताताईंकडे आहे. अनारसे खाल्लेले तेच भाऊजी रक्त द्यायला तयार झालेत.

ह्यांचा फोन आला होता. मला दिला. पाऊस कसा आहे, विचारलं. औषधं घेतेस का, विचारलं. मग मशीनवर नक्की किती आलं ते विचारलं. मी सांगितलं. ते मोजत होते, आत्या. मस्कतहून मला ते ऐकू येत होतं.

पिशवी आत आणल्यापासून आई रोज जवळ असतात, इथेही आल्यात. पाय चेपतात, नाचणीची पेज करतात, कितवा लागला गो म्हणून विचारतात. मी सांगते. सोडलेला महिना त्यांनी परत धरला, ते मी पाहिलं. पण शहापूरहून आले त्या संध्याकाळपासून श्रावणाच्या पहिल्या दिवसापर्यंत वीस दिवस होतात. ते सोडून द्यावेत म्हणून मी रोज मोजायला बसते, पण बोट पुढच्या पेरावर जातच नाही.

बाळंतपण इथे होईल. त्यानंतर मला आणि बाळाला न्यायला तुम्ही या. किती दिवसांसाठी ते कुणाला सांगू नका, मीही सांगितलेलं नाही.

तुमची माया तेवढी न मोजता राहू द्या.
कुणाली